भुसावळची वॅप-४ : आर्नो, डीजे आणि नॉचिंगसकट आवाज कसा बसवावा?

पॉइंट्समन (भुसावळ)

मंडळी, प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वॅप-४ या इलेक्ट्रिक इंजिनाचं एचओ मापाचं म्हणजे १:८७ चं मॉडेल जवळजवळ तयार आहे. चासी सहा अ‍ॅक्सलच्या एका अमेरिकन डिझेल मॉडेलची घेतली आणि वरची बॉडी स्टायरीनची (प्लास्टिकची) शीट कापून केली. खरं इंजिन साधारण १९ मीटरचं, त्यामुळे मॉडेल २२ सेंटिमीटरच्या आत बसतं. आता राहिलंय ते हँडरेल, छतावरचं सामान, रंगावरची अक्षरं आणि आवाज. धागा मुख्यतः आवाजासाठी काढतोय.

भारतीय इलेक्ट्रिक इंजिनाची मॉडेल्स मी जेवढी ऐकली त्यातल्या बऱ्याच जणांनी आत अमेरिकन डिझेलची फाईल घातलेली असते, किंवा नुसता भोंगा. इलेक्ट्रिकला आवाज कुठे असतो, असं त्यांचं म्हणणं. भुसावळच्या माणसाला हे पटायचं नाही. इथे इलेक्ट्रिक लोको शेड आहे, इलेक्ट्रिक इंजिनांची पीओएच, म्हणजे ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती, करणारा कारखाना आहे, मुंबईकडची लाईन इथूनच नागपूरला आणि खंडव्याला फुटते. फलाटाच्या टोकाला वॅप-४ उभी असली की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. तो आवाज मला मॉडेलमध्ये हवा आहे, आणि नुसता आवाज नको, त्याचा क्रमही हवा. कोणत्या यंत्रानंतर कोणतं यंत्र चालू होतं हे चुकलं तर इंजिन खोटं वाटतं.

तेव्हा जाणकारांनी सांगावं : बंद उभ्या वॅप-४ पासून गाडी हलेपर्यंत नेमकं काय काय वाजतं? आणि डिकोडरमध्ये, म्हणजे मॉडेलच्या आतली मोटर, दिवे आणि आवाज सांभाळणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये, ते कसं बसवायचं?

खडका फाटक

आधी एक विचारतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. एचओचा रूळ १६.५ चा. इंजिन समोरून बघितलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. ते चालवून घेणार का?

पॉइंट्समन (भुसावळ)

हो, चालवून घेणार. १९.२६ चा रूळ करायचा तर पॉइंट, क्रॉसिंग, प्रत्येक डब्याची चाकं सगळंच हाताने करावं लागेल. बोगीच्या बाजूच्या फ्रेम मात्र खऱ्या रुंदीच्या ठेवल्यात, त्यामुळे बाजूने बघताना काही खटकत नाही.

रनिंगरूम

बाळा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी भुसावळ लॉबीतून निवृत्त झालो. वॅम-४, वॅग-५, वॅग-७, वॅप-४ सगळ्या चालवल्या. ह्या सगळ्या एकाच कुळातल्या, टॅप चेंजरच्या, म्हणजे मोटरचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या. क्रम सांगतो, नीट उतरवून घे.

इंजिन पूर्ण मेलेलं उभं आहे असं धर. पँटो, म्हणजे छतावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, खाली, टाकीत हवा नाही. हवेशिवाय पँटो वर जात नाही आणि डीजेही लागत नाही. म्हणून पहिला आवाज बेबी कॉम्प्रेसरचा, म्हणजे एमसीपीए. तो ११० व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बारीक, घाईघाईचा, टकटक आवाज. त्या वेळी बाकी सगळं शांत असतं, म्हणून तो जास्तच ठळक ऐकू येतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, कारण फलाटावर लोक बघतात ते आधीच चालू असलेलं इंजिन.

हवा पुरेशी झाली की पँटो. हवेचा फुस्स असा आवाज, पँटो सावकाश उठतो आणि तारेला टेकतो. टेकताना अगदी हलकी टिचकी. इंजिन एकटं असेल तर नेहमी मागचा पँटो उचलायचा, हे मॉडेलमध्येही सांभाळ.

मग डीजे, म्हणजे छतावरचा मुख्य सर्किट ब्रेकर. बीएलडीजेचा स्विच टाकायचा आणि बीएलआरडीजेचं बटण दाबून धरायचं. छतावर ठक्क असा जोरदार आवाज होतो आणि एलएसडीजेचा दिवा विझतो. पण बटण लगेच सोडायचं नाही. आता आर्नो फिरायला लागतो. हे एकच फिरतं यंत्र ट्रान्सफॉर्मरकडून सिंगल फेज ३८० व्होल्ट घेतं आणि तीन फेज बनवून ब्लोअरना (यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्यांना) आणि कॉम्प्रेसरला पुरवतं. सुरुवातीला घरघर, मग सूर चढत चढत जातो आणि एका ठिकाणी पकडतो. तो पकडला की एलएससीएचबीएचा दिवा विझतो, तेव्हा बीएलआरडीजे सोडायचा. तो चढता सूर म्हणजेच वॅप-४. तू फलाटावर जो ऐकतोस तो हाच, वर ब्लोअर मिसळलेला.

त्यानंतर ब्लोअर. सगळे एकदम लागत नाहीत, नाहीतर आर्नोवर ताण येईल. टाइम रिले असतात, थोड्या थोड्या अंतराने एकेक लागतो : ट्रान्सफॉर्मरचं तेल थंड करणारा एमव्हीआरएच, ट्रॅक्शन मोटरचे एमव्हीएमटी एक आणि दोन. प्रत्येक लागला की आवाजाला एक जाड थर चढतो. मोठे कॉम्प्रेसर नंतर, बीएलसीपीचा स्विच टाकल्यावर, आणि ते प्रेशरप्रमाणे लागतात-सुटतात. ते तुझ्या मॉडेलमध्ये अधूनमधून आपोआप वाजले पाहिजेत.

आता चालवणं. मास्टर कंट्रोलरचं चाक प्लसवर नेलं की जीआर एक नॉच, म्हणजे एक टप्पा, चढतो. जीआर म्हणजे टॅप चेंजर. एकूण ३२ नॉच. जीआरला फिरवणारी एसएमजीआर ही हवेवर चालणारी मोटर, त्यामुळे प्रत्येक नॉचला खटका आणि हवेचा सुस्कारा दोन्ही येतात. खट्-फुस्, खट्-फुस्. गाडी उचलताना चार-पाच नॉच घ्यायचे, अ‍ॅम्पिअर बघायचे, थांबायचं, मग पुढचे. एका दमात ३२ चढवणारा ड्रायव्हर मी तरी पाहिला नाही. तुझ्या फाईलमध्ये खटके सारख्या अंतराने आले तर जुना माणूस लगेच ओळखेल.

धुळे पॅसेंजर

काका, भारी शे! इतकं बारीक कोनी सांगेल नव्हतं. मी चाळीसगावले किती सावा उभा राह्यनू, पन कोनता आवाज कशाना हाई आज समजनं.

पॉइंट्समन (भुसावळ)

काका, हे सोनं आहे. एक शंका : डीजे उघडताना आवाज वेगळा असतो ना?

रनिंगरूम

एकदम वेगळा. जुने डीजे एअर ब्लास्टचे. उघडताना आतला आर्क विझवायला हवेचा झोत सोडतात, त्यामुळे फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. पुढे व्हॅक्यूमचे ब्रेकर आले, ते पुष्कळ शांत. तू कोणत्या काळातलं इंजिन करतोयस ते आधी ठरव. आर्नो ठेवायचा असेल तर एअर ब्लास्ट शोभेल. पुढे बऱ्याच इंजिनांतून आर्नो काढून स्टॅटिक कन्व्हर्टर बसवले, त्या इंजिनांत हा सूर नाही.

आणि हे उघडणं-लागणं वापरायला तुझ्याकडे उत्तम जागा आहे : न्यूट्रल सेक्शन. तारेच्या दोन वेगळ्या फीडमधल्या मृत तुकड्यातून जाताना डीजे उघडावाच लागतो. आधी ५०० मीटरवर पाटी, मग २५० मीटरवर पाटी, मग डीजे ओपनची पाटी, पलीकडे डीजे क्लोजची. उघडला की ब्लोअर उतरायला लागतात, आर्नोचा सूर खाली खाली येतो, गाडी नुसत्या वेगावर घरंगळते. केबिनमध्ये तेवढा वेळ चाकांचा आणि रुळांच्या जोडांचा आवाज ऐकू येतो. मग परत ठक्क, आणि सूर पुन्हा चढतो. प्रवाशांना हे कधी कळत नाही, आमचा मात्र रोजचा परिपाठ.

सोल्डरगन (पुणे)

काकांनी पटकथा दिली, आता वायरिंगचं मी सांगतो.

सगळ्यात आधी मोटर. जुन्या चासीत मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा रुळाला. डीसीसीत, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा देऊन इंजिन चालवायच्या पद्धतीत, हे चालत नाही. रुळावर कायम साधारण १४-१५ व्होल्टचा उलटसुलट होणारा चौकोनी सिग्नल असतो, मोटरला वीज फक्त डिकोडरने द्यायची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, दोन्ही ब्रश दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा. कुठेही बीप आला तर डिकोडर जोडू नका. मग मोटरला १२ व्होल्ट डीसी द्या, चाक बोटाने धरून अडवा आणि किती अ‍ॅम्पिअर ओढते ते बघा. आकडा डिकोडरच्या मर्यादेच्या आत हवा. लोकसाउंड ५ या आवाजाच्या डिकोडरच्या नेहमीच्या आकाराला मोटरसाठी १.५ अ‍ॅम्पिअर चालतात, मायक्रोला त्याच्या निम्मे.

तारांचे रंग ठरलेले आहेत : लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि करडी मोटर, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा दिवा, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन तार. एलईडीला रेझिस्टर घालायचाच, १ किलोओहमपासून सुरुवात करून हवा तसा मंद करा. सोल्डरिंगला रोझिनचा फ्लक्स घ्या. पितळेच्या कामाला वापरतात तो अ‍ॅसिड फ्लक्स डिकोडरच्या आसपासही नको, महिन्याभरात तारा हिरव्या पडतात.

स्पीकर : ११ गुणिले १५ मिलिमीटरचा, ज्याला शुगर क्यूब म्हणतात तो, बंद डबीसकट घ्या. डबीला कुठेही फट नको. पडद्याच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, आणि फट राहिली की आवाज पत्र्याचा येतो. फट बुजवायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं अ‍ॅसिड तांब्याला खातं.

दुसरं असं, एवढ्या छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. आर्नोचं ५० हर्ट्झच्या आसपासचं घुमणं त्यातून येणारच नाही. ते फाईलमध्ये तसंच ठेवलं तर पडदा नुसता हलतो, आवाज फाटतो. संगणकावर खालचा भाग, साधारण २५० हर्ट्झच्या खालचा, कापून टाका आणि वरचा सूर थोडा उचला. कान खर्ज आपोआप भरून घेतो.

पॉइंट्समन (भुसावळ)

आणि फाईल कुठून सुरू करायची? कोरी?

सोल्डरगन (पुणे)

कोरी नको. लोकप्रोग्रामर, म्हणजे संगणकावरून डिकोडरमध्ये फाईल चढवणारं यंत्र, हवा, त्याशिवाय लोकसाउंडमध्ये स्वतःचा आवाज चढत नाही. लोकसाउंडवाल्यांच्या संग्रहात जुन्या जर्मन इलेक्ट्रिकचे प्रकल्प (तयार आवाज-फायली) आहेत, त्यांनाही टॅप चेंजर होता. म्हणजे सांगाडा तयार मिळतो : पँटो, ब्रेकर, ब्लोअर, नॉचचे खटके. त्यातले आवाज काढा, आपले घाला. सुरुवातीच्या साखळीत बेबी कॉम्प्रेसर आणि आर्नोची चढण असे दोन टप्पे वाढवावे लागतील. आवाज मोनो, १६ बिट. डिकोडरची स्मृती १२८ मेगाबिट, म्हणजे ३१.२५ किलोहर्ट्झने साधारण साडेचार मिनिटांचा माल बसतो. आर्नोची चालू घरघर तीन-चार सेकंदांचा तुकडा कापून फिरवत ठेवायची, फक्त सांधा ऐकू येता कामा नये.

काकांनी नॉचबद्दल सांगितलं त्यासाठी ड्राइव्ह होल्ड हे फंक्शन आहे. ते दाबलं की वेग आहे तिथे थांबतो आणि थ्रॉटलने फक्त आवाज वरखाली होतो. पाच नॉच, थांबा, परत चार, असं हाताने वाजवता येतं.

डीसीसीत इंजिनाला द्यायच्या पत्त्याचं : वॅप-४ चे बहुतेक नंबर २२ ने सुरू होणारे पाच आकडी, डीसीसीच्या बहुतेक यंत्रणा चार आकड्यांपर्यंतच घेतात. शेवटचे चार घ्या. समजा २२५०. हाताने भरायचं झालं तर सीव्ही (डिकोडरची सेटिंग) १७ मध्ये २००, सीव्ही १८ मध्ये २०२, सीव्ही २९ मध्ये ३४. हिशेब असा : २२५० ला २५६ ने भागलं, भागाकार ८, त्यात १९२ मिळवले, झाले २००, बाकी २०२.

अमळनेरकर

मी जरा विरुद्ध बोलतो, राग नसावा. डिकोडर, स्पीकर, प्रोग्रामर, वर कस्टम ड्युटी, खर्च पाच आकड्यांत जातो. तेवढ्यात दोन इंजिनं उत्तम सजतील. मॉडेल कपाटात असतं तेव्हा ते गप्पच असतं. दिसणं आधी, ऐकणं नंतर. पॉइंट्समन भाऊंनी अजून हँडरेल लावलेले नाहीत आणि आर्नोच्या मागे लागलेत, हे मला पटत नाही.

पॉइंट्समन (भुसावळ)

भाऊ, राग कसला. पण डिकोडर, स्पीकर आणि तारांची जागा बॉडी बंद करायच्या आधी ठरते. छताला जाळ्या आणि पाइप लावून झाल्यावर आत हात घालायचा तर अर्धं काम मोडावं लागतं. म्हणून क्रम असा धरला. आणि मला वॅप-४ ही दिसते तेवढीच ऐकू येते. आवाजाशिवाय ती मला अपुरी वाटते, हे मनापासून सांगतो.

सजावटीत मात्र तुमचा हात धरणारं कोणी नाही. हँडरेलसाठी तार कोणती घेऊ?

अमळनेरकर

आता कसं बोललात! बाहेरून काही मागवू नका. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात जा. आपल्याकडे विहिरीच्या पंपांमुळे ती दर गावात आहेत. २८ गेजची तांब्याची तार मागा, ०.३७६ मिलिमीटर. ८७ ने गुणलं की ३२-३३ मिलिमीटर, खऱ्या दांड्याच्या अगदी जवळ. छतावरच्या बारीक कामाला ३० गेज, ०.३१५. दुकानदार वावभर तार तशीच देतो.

तार सरळ करायची युक्ती : एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पकडीत, आणि एकदाच झटकन ओढा. थोडी ताणली गेली पाहिजे. तशी ताणलेली तार काठीसारखी सरळ आणि कडक होते. वरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर रंगही धरत नाही आणि सोल्डरही. भोकं ०.४ च्या ड्रिलने, हाताच्या पिन व्हाइसमध्ये धरून. यंत्राने पाडायला गेलात तर स्टायरीन वितळतं. दरवाजाशेजारचे दोन उभे दांडे आधी लावा, त्यांच्यावरून बाकी सगळ्यांची उंची ठरते. आणि दांडा बॉडीपासून किती बाहेर राहतो ते सगळीकडे सारखं येण्यासाठी खाली पोस्टकार्डाच्या पट्ट्या ठेवा, लावून झालं की ओढून काढा.

छतावर आणखी एक गोष्ट. इन्सुलेटर पांढरे शुभ्र रंगवू नका. पँटोच्या पट्टीची काळी धूळ सगळ्या छतावर बसलेली असते. लाल बॉडी धुतलेली आणि छत काळपट-तपकिरी, असं इंजिन खरं दिसतं.

रेषा (जळगाव)

अक्षरांचं मी सांगते, आमचा छपाईचाच धंदा आहे. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. लाल रंगावर पांढरं किंवा पिवळं अक्षर साध्या डिकलने (पातळ छापील चिकटचित्राने) उमटत नाही, खालचा लाल वर येतो. लग्नपत्रिकेची स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याकडे डिकल पेपर घेऊन जा. तो पांढरी शाई ओढून देतो, ती घट्ट बसते. फ्रेमची जाळी बारीकातली बारीक सांगा. खरं अक्षर १५ सेंटिमीटरचं असेल तर मॉडेलवर १.७ मिलिमीटरचं होतं. त्यातली मात्रा आणि अनुस्वार टिकले पाहिजेत.

शेडचं नाव संगणकाच्या फाँटमध्ये टाइप करू नका. इंजिनावरची नावं पेंटरच्या हातची किंवा स्टेन्सिलची असतात, काना थोडा जाड, शिरोरेषा थोडी तुटलेली. समोरून काढलेला फोटो घ्या आणि त्यावरून अक्षर गिरवून घ्या. हिंदीत शेवटी ल येतो, ळ नाही, म्हणून इंजिनावर ‘भुसावल’ असतं. तसंच ठेवा. डिकल बसवायच्या आधी खालचा रंग चकचकीत हवा, मॅट रंगावर कागदाखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. सगळं झाल्यावर मॅट वार्निश मारा.

केळीबाग (सावदा)

उन्हाळ्याची सूचना. कोणी थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी घेत असेल तर पीएलए प्लास्टिकची घेऊ नका. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, मग पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्यात किंवा उभ्या गाडीत काय होत असेल याचा विचार करा. माझ्या ओळखीच्या एकाच्या डब्यांची छतं अशीच बसली. एबीएस टिकतं, स्टायरीन शीटही टिकते. आणि लेआउटच्या रुळांना जोडांमध्ये फट ठेवा. आमच्याकडे हिवाळ्यात घट्ट जोडलेला रूळ एप्रिलमध्ये वाकडा होतो.

धुळे पॅसेंजर

मातीनं इचारतो. वेदरिंगले, इंजिन जुनं-मळेल दिखाले, आपली काळी माती चाळीसन वापरू का? रंग तं बरोबर येस.

अमळनेरकर

वापरा, पण आधी लोहचुंबक फिरवा. आपली काळी माती बेसाल्टची, त्यात लोखंडाचे चुंबकीय कण असतात. चुंबक कागदात गुंडाळून मातीतून फिरवा, बघा किती काळं चिकटतं ते. तेच कण मोटरच्या आणि स्पीकरच्या चुंबकाला जाऊन बसतात. स्पीकरचा पडदा घासायला लागला की सगळा आवाज वाया. तीन-चार वेळा फिरवून जी माती खाली राहते ती तलम कापडाने चाळा आणि फक्त बोगीवर, चाकांच्या वर, ब्रशने थोपटा.

शेंदुर्णी एनजी

धाग्याचा विषय वॅप-४ आहे, तरी विचारतो. पाचोरा-जामनेरची नॅरोगेज करायचीय. ७६२ मिलिमीटर गेज, ५६ किलोमीटरची आमची पीजे, २०२० पासून बंद आहे. १:८७ मध्ये इंजिन एवढंसं होतं की डिकोडर कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

सोल्डरगन (पुणे)

तुमचं नशीब चांगलं आहे. ७६२ ला ८७ ने भागा : ८.७६. बाजारात एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. ब्रॉडगेजवाल्यांना जी तडजोड करावी लागते ती तुम्हाला जवळजवळ नाहीच. एन गेजची चासी, वर १:८७ ची बॉडी. या मापाला एचओई म्हणतात, युरोपात त्यावर खूप लोक काम करतात, त्यामुळे सुटे भाग मिळतात.

जागेसाठी : नेक्स्ट १८ या छोट्या प्लगचा मायक्रो डिकोडर घ्या, स्पीकर इंजिनाच्या लांब हूडमध्ये (केबिनपुढच्या आवरणात) उभा. आणि पॉवर पॅक, म्हणजे छोटा कपॅसिटर, नक्की घाला. एवढ्या हलक्या इंजिनाला धुळीच्या एका कणानेही वीज तुटते, आवाज पहिल्यापासून सुरू होतो. इंजिनात जागा नसेल तर कपॅसिटर मागच्या डब्यात ठेवून बारीक तारेने जोडा. आवाजासाठी : नॅरोगेजची झेडडीएम इंजिनं डिझेल-हायड्रॉलिक. त्यांना आल्को या मोठ्या अमेरिकन डिझेलची फाईल घालू नका, छोट्या जर्मन डिझेल-हायड्रॉलिक इंजिनांच्या फायली जास्त जवळ जातात.

शेंदुर्णी एनजी

मागच्या डब्यात! हे डोक्यातच आलं नव्हतं. पीजेला डबा जोडल्याशिवाय इंजिन चालवणारच कोण. पहूर स्टेशनही करायचंय, त्याचा वेगळा धागा काढतो.

खडका फाटक

आल्कोचा विषय निघालाच आहे तर, डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला कोणती फाईल?

सोल्डरगन (पुणे)

तिथे स्वतःचं रेकॉर्डिंग केलंच पाहिजे असं नाही. डब्ल्यूडीएम-२ चं इंजिन म्हणजे आल्को २५१, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. लोकसाउंड आणि त्सुनामी २ या दोन्ही डिकोडरांसाठी २५१ च्या फायली आहेत. घेताना १६ सिलिंडरची आहे ना ते बघा, १२ ची लय वेगळी पडते. आयडलला ४०० फेरे आणि आठव्या नॉचला १०००, हे कानाशी ठेवून जुळवा. भोंगा मात्र भारतीय घाला. अमेरिकन पाच सुरांचा भोंगा वाजला की सगळं बिघडतं.

रनिंगरूम

भोंग्याचं आठवलं म्हणून. ‘सी/फा’ची, म्हणजे पुढे फाटक आहे, सीटी वाजवा असं सांगणारी पाटी तुमच्या लेआउटवर फाटकाच्या आधी लावा आणि तिथून फाटक ओलांडेपर्यंत लांब वाजवा. एका बटणाला ठरावीक लांबीची शिटी देऊ नका. बटण दाबून आहे तोवर वाजेल, सोडलं की थांबेल, असं करा. ड्रायव्हरचा हात त्यातच कळतो.

पॉइंट्समन (भुसावळ)

प्रगती सांगतो. मोटर वेगळी केली, डिकोडर मधोमध, दोन स्पीकर एका बंद डबीत, तोंड खाली. खालून आवाज सुटतो आणि लेआउटच्या प्लायवर आपटून भरदार होतो.

रेकॉर्डिंग फलाटावरूनच केलं. रुळात उतरायचं नाही, यार्डात शिरायचं नाही, त्याची गरजही पडत नाही. पहाटेची वेळ धरली, तेव्हा घोषणा कमी असतात. माइक इंजिनाच्या मधोमध, फलाटाच्या आतल्या बाजूला, वाऱ्यासाठी वर लोकरी टोपी. नॉचिंगसाठी गाडी सुटताना उभं राहायचं, एकेक इंजिन एकेक ड्रायव्हर, प्रत्येकाची खटक्यांची चाल वेगळी. त्यातले स्वच्छ खटके वेचून आठ वेगवेगळे तुकडे केले आणि डिकोडर त्यातला कोणताही उचलतो. काका म्हणाले होते ते सारखं अंतर आता राहिलं नाही.

न्यूट्रल सेक्शन एका बटणावर बसवलं. उघडला की फटाका, ब्लोअर उतरतात, आर्नो खाली येतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत रुळांच्या जोडांची टकटक एकटी ऐकू येते. घरच्यांनी सगळ्यात जास्त वेळा दाबलेलं बटण हेच आहे.

एक राहिलं. इंजिन बंद करताना क्रम कोणता? संग्रहातल्या जर्मन फाईलमध्ये पँटो आणि ब्रेकर जवळजवळ एकत्रच खाली येतात.

रनिंगरूम

एकत्र नको. आधी ब्लोअर आणि कॉम्प्रेसर बंद कर, म्हणजे आवाजाचे थर एकेक उतरतील. मग डीजे उघड. आर्नोला उतरायला वेळ दे. त्यानंतरच पँटो खाली. डीजे लागलेला असताना पँटो उतरवला तर तारेशी आर्क ओढला जातो, पट्टी आणि तार दोन्ही खराब. पँटो खाली बसताना छतावर हलका धप्प असा आवाज येतो, आणि टाकीतली हवा पुढे बराच वेळ कुठून ना कुठून सुसकत राहते. ती सुसकारी शेवटपर्यंत ठेव, एकदम तोडू नकोस.

पॉइंट्समन (भुसावळ)

ठेवतो. डीजे आणि पँटो आता वेगवेगळ्या बटणांवर घेतो, आणि डीजे लागलेला असेल तर पँटोचं बटण चालणारच नाही अशी अट प्रोग्राममध्ये घालता येते, तीही घालतो.

आर्नोवाल्या वॅप-४ आता कमी होत चालल्या आहेत. कोणाकडे बेबी कॉम्प्रेसरचं स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर सांगा, माझ्याकडच्यात मागे चहावाल्याची हाक आहे. प्रकल्पाची फाईल पूर्ण झाली की ज्याला हवी त्याला देईन.

धुळे पॅसेंजर

भाऊ, पहिला नंबर मना लावा. आनि चहावाला काढू नका, तेनी एक येगळी फाईल माले द्या. चाळीसगावना फलाटवर बसाडसू.